सतरा सप्टेंबरानंतरचे काम

दरसाल सतरा सप्टेंबर उजाडला म्हणजे मराठवाड्यात तालुक्यातालुक्याच्या ठिकाणी ध्वज चढतो, हुतात्मा स्मारकास हार पडतो, दोन-चार भाषणे होतात आणि दुपारच्या आत शाळेतील मुले घरी जातात. शिरूर अनंतपाळही या नियमास अपवाद नाही. या उत्सवास आमचा विरोध आहे असे कोणी समजू नये. ज्या लोकांनी आपल्या हयातीत दोन राजवटींचे जोखड एकदम फेकून दिले त्यांच्या वारसांनी वर्षातून एक दिवस आनंद करावा हे योग्यच आहे. परंतु भाषणे ऐकून घरी निघालेल्या एखाद्या चुणचुणीत मुलास आडवे घेऊन विचारावे की, "बाळ, तुझ्या गावात त्या तेरा महिन्यांत काय घडले? कोण तुरुंगात गेले, कोण हद्दीपार पळाले, कोण मेले आणि कोणी कोणास मारले?" तर तो गप्प राहील, आणि त्याच्या गुरुजींसही फारसे सांगता येणार नाही. रझाकार हा एक शब्द, स्वामी रामानंद तीर्थ हे एक नाव आणि सरदार पटेलांची एक तसबीर, एवढ्यावर आमचा इतिहास संपतो. असे का व्हावे, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम शिरूरचीच गोष्ट घ्या. निलंगा, उदगीर व अहमदपूर हे तिन्ही तालुके निजामी राज्यात बिदर जिल्ह्यात मोडत. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा ते बिदरमधून काढून उस्मानाबाद जिल्ह्यास, म्हणजे आजच्या धाराशिवास, जोडण्यात आले. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा निघाला, आणि १९९९ साली शिरूर अनंतपाळ स्वतःच तालुक्याचे ठिकाण झाले. सामान्य माणसास यात नवल वाटणार नाही. पण कागद शोधणाऱ्यास विचारा! या एका गावाच्या शंभर वर्षांच्या दप्तराचा माग काढावयाचा तर हैदराबाद, बिदर, धाराशिव, लातूर आणि निलंगा अशा पाच कचेऱ्यांची पायरी झिजवावी लागते. आणि इतके करून कागद हाती आलाच तर तो बहुधा उर्दूत किंवा मोडीत असतो, जो वाचणारा माणूस तालुक्यात दिवा घेऊन शोधला तरी सापडणे कठीण. ज्या लोकांस स्वतःचे कागद वाचता येत नाहीत त्यांचा इतिहास दुसरे सांगतील तसाच राहावयाचा.

आता आमच्या वाचकांस आम्ही थोडे दूर, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स नावाच्या संस्थानात घेऊन जाणार आहो. मराठवाड्याच्या प्रश्नात अमेरिकेचे काय काम, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, महाराष्ट्रातील सुधारणेच्या विचारास अमेरिका परकी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली तेव्हा ती अमेरिकेतील ज्या सज्जनांनी तेथील काळ्या गुलामांस मुक्त केले त्यांस अर्पण केली होती. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातील एका माळ्याच्या मुलास जे नाते दिसले ते आम्हांस दिसू नये काय? शिवाय मॅसॅच्युसेट्सचा आणि आमचा इतिहास समोरासमोर ठेवला असता काही गोष्टी इतक्या जुळतात, आणि काही इतक्या जुळत नाहीत, की दोन्हींपासून शिकण्यासारखे आहे.

ते संस्थान इंग्रजांची वसाहत होती. १७६३ साली सप्तवार्षिक युद्ध संपले, इंग्लंडच्या डोक्यावर कर्ज झाले, आणि अमेरिकेत ठेवलेल्या फौजेचा खर्च वसाहतवाल्यांनी सोसावा असे लंडनमध्ये ठरले. त्यातून १७६५ साली स्टँपचा कायदा निघाला. दस्तऐवज, वर्तमानपत्रे, सर्वांवर कर बसला. पुढील वर्षी तो मागे घ्यावा लागला, पण वितुष्ट मिटले नाही. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टन बंदरात चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात गेल्या. इंग्रजांनी दुसऱ्याच वर्षी बंदर बंद केले. आणि त्याबरोबर आणखी एक कायदा केला, ज्याकडे आमच्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. त्या मुलखात गावोगाव सभा भरत. कर, रस्ते, शाळा यांचा निर्णय गावकरी हात वर करून घेत. १७७४ च्या या कायद्याने वर्षातून एक ठराविक सभा सोडून बाकीच्या गावसभा गव्हर्नराच्या लेखी परवानगीवाचून भरविण्यास बंदी झाली. चहाच्या करापेक्षा हा घाव खोल बसला. दुसऱ्या वर्षी, १९ एप्रिल १७७५ रोजी, लेक्झिंग्टन व काँकॉर्ड या गावांत शेतकरी बंदुका घेऊन उभे राहिले.

आता आपल्याकडे पहा. १९२९ साली निजाम सरकारने 'गश्ती निशान ५३' नावाचे फर्मान काढले. गश्ती म्हणजे परिपत्रक. परवानगीवाचून जाहीर सभा भरवू नये, असा त्याचा आशय. त्याच्याही आधी, १९२४ च्या सुमारास, सरकारी मंजुरीवाचून खासगी शाळा काढण्यास मनाई झालेली होती. सभा नाही, शाळा नाही. आणि वर्तमानपत्रांचे म्हणावे तर आनंद कृष्ण वाघमारे यांना आपले 'मराठवाडा' साप्ताहिक पुण्याहून काढावे लागे, त्यास निजामी हद्दीत बंदी होई, आणि मग तोच मजकूर नवे नाव धारण करून पुन्हा हद्द ओलांडी! बोस्टनच्या छापखानेवाल्यांस ही युक्ती पाहून कौतुक वाटले असते. लंडनच्या पार्लमेंटाने १७७४ साली जे केले तेच हैदराबादच्या दरबाराने दीडशे वर्षांनंतर केले. दोघांनाही तोफांपेक्षा चार माणसांच्या एकत्र बसण्याची भीती अधिक वाटली, आणि ती भीती अनाठायी नव्हती.

पण येथे एक भेद आहे आणि तो डोळ्यांआड करून चालणार नाही. मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्यास एकच धनी होता. मराठवाड्याच्या शेतकऱ्यास दोन होते. १७२४ साली पहिल्या निजामुल्मुल्काने दक्षिणेत आपली सत्ता स्थापिली. ३ फेब्रुवारी १७६० रोजी शिरूरपासून जवळच असलेल्या उदगिरास सदाशिवरावभाऊंनी निजामाचा मोड केला. १७९५ साली खर्ड्यास तो पुन्हा हरला. अशा पिचलेल्या दरबाराने १७९८ साली वेलस्लीशी तैनाती फौजेचा तह केला आणि आपली गादी राखली. गादी राखली, पण फौज इंग्रजांची, सेनापती इंग्रजांचा, धोरण इंग्रजांचे. पैसा मात्र निजामाच्या रयतेचा. पुढे 'हैदराबाद काँटिंजंट' या नावाने जी फौज उभी राहिली तिच्या खर्चाचे कर्ज फुगत गेले आणि त्यापायी १८५३ साली वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला; १९०२ साली तो कायमच्या पट्ट्याने देऊन टाकण्यात आला. फौजेच्या खर्चासाठी कर बसवावयाचा हीच तर अमेरिकेतील तक्रार होती. तेथे त्यावरून क्रांती झाली. आमच्याकडे एक समृद्ध प्रांत गेला आणि रयतेस कोणी विचारलेही नाही.

लोक अगदीच स्वस्थ होते असे मात्र नाही. नांदेडकडील हदगाव भागात नौसाजी नाईक १८१९ साली नोव्ह्याच्या गढीत इंग्रजी फौजेशी लढला. १८५७ च्या जुलैत तुर्रेबाजखान व मौलवी अलाउद्दीन यांनी हैदराबादच्या रेसिडेन्सीवर चाल केली. त्या वणव्याच्या पाठोपाठ रंगराव पागे यांनी बिदर-नांदेडकडे उठावाची खटपट केली आणि त्यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. हटकर नाईक, रोहिला शिपाई, मौलवी आणि ब्राह्मण, ही नावे एका ओळीत वाचावी म्हणजे कळेल की हैदराबादेतील पहिली बंडे एका धर्माची वा जातीची नव्हती. ज्यांना हा इतिहास हिंदू विरुद्ध मुसलमान एवढ्याच सुतात ओवावयाचा आहे त्यांनी ही पाने उलटलेलीच नसतात.

शिक्षणाच्या बाबतीत आमचे दुखणे जुने आहे. १६४७ साली मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने कायदा केला की, पन्नास कुटुंबांच्या प्रत्येक गावाने मुलांस लिहिणे-वाचणे शिकविणारा एक मास्तर ठेवला पाहिजे. त्यामागे धर्मग्रंथ वाचता यावा हा हेतू होता हे खरे. पण मनुष्य एकदा वाचावयास शिकला म्हणजे तो काय वाचील यावर पाद्र्याचा ताबा राहत नाही. सव्वाशे वर्षांनी त्याच गावांत कायद्याची कलमे वाचून त्यांवर वाद घालणारे शेतकरी निपजले. निजामी राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग तेथे झाला. त्याची थोरवी आम्ही नाकारीत नाही. परंतु ती देशी भाषा उर्दू होती. राज्यातील सुमारे निम्मे लोक तेलुगू बोलत, चौथा हिस्सा मराठी बोलत, कित्येक लाख कानडी बोलत. त्यांच्या मुलांस मातृभाषा सोडून उर्दूत शिकणे प्राप्त होते. सुधारणा झाली, पण ती दरबाराने आपल्या सोयीच्या भाषेत केली. त्यामुळे हैदराबादेतील विवेकवर्धिनीसारख्या संस्थांनी आणि हिप्परगा, अंबेजोगाई, सेलू, औरंगाबाद येथील शाळांनी जे काम केले ते केवळ अक्षरओळखीचे नव्हते. स्वामी रामानंद तीर्थ राजकारणात उतरले ते शाळामास्तराच्या खुर्चीवरून. सोलापूर-विजापूरकडील व्यंकटेश खेडगीकर नावाचा तरुण हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवावयास आला, पुढे संन्यासी झाला, अंबेजोगाईस शाळा चालवू लागला, आणि तेथून सत्याग्रहात गेला. केशवराव कोरटकरांच्या पिढीने वकिली आणि ग्रंथालये यांच्या आश्रयाने जे पेरले होते ते या पिढीत उगवले.

१९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. दुसरे १९३८ साली लातुरास. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच बेकायदा ठरविण्यात आली. जन्मास येण्याआधीच ज्याचा मृत्युलेख लिहिला गेला अशी संस्था जगाच्या इतिहासात विरळा! ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. गोविंदराव नानल पहिल्या तुकडीत, स्वामीजी त्यांच्या मागोमाग. आर्य समाजाचा सत्याग्रह त्याच सुमारास पेटला. उदगीरचे वकील भाई श्यामलाल डिसेंबर १९३८ मध्ये बिदरच्या तुरुंगात मृत्यू पावले. 'वंदे मातरम्' म्हटल्यावरून उस्मानियातील विद्यार्थ्यांस बाहेर काढण्यात आले आणि त्यांपैकी पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने पदरात घेतले. स्टेट काँग्रेसवरील बंदी उठावयास १९४६ साल उजाडावे लागले.

मग १९४७ आले. इंग्रज जाणार हे ठरताच मीर उस्मान अलीखानांनी जूनमध्ये जाहीर केले की, १५ ऑगस्टपासून हैदराबाद स्वतंत्र राहील. ८२ हजार चौरस मैलांचे, १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे एक कोटी त्रेसष्ट लाख वस्तीचे राज्य, चहूबाजूंनी हिंदुस्थानने वेढलेले! स्वातंत्र्याची इच्छा धरणे हा काही गुन्हा नव्हे. अमेरिकेतच व्हर्मॉन्ट नावाचा डोंगराळ मुलूख १७७७ ते १७९१ पर्यंत चौदा वर्षे कोणत्याही संघात न जाता स्वतंत्र राहिला आणि मग राजीखुशीने चौदावे संस्थान म्हणून सामील झाला. पण व्हर्मॉन्टचे स्वातंत्र्य तेथील शेतकऱ्यांनी जाहीर केले, आणि मालमत्तेची अट काढून पुरुषमात्रास मत देणारी घटना प्रथम केली. हैदराबादचे स्वातंत्र्य एका मनुष्याने फर्मान काढून जाहीर केले आणि रयतेस मत देण्याचे त्याच्या मनातही आले नाही. फरक आहे तो येथे.

त्या तेरा महिन्यांचे वर्णन करताना लेखणी जड होते. मजलिसे इत्तेहादुल मुसलमीनचे अध्यक्षपद १९४६ साली ज्या कासीम रझवीकडे गेले तो लातूरचा वकील. ज्या कचेरीत आमच्या आजोबा-पणजोबांनी आपल्या बांधांचे दावे लढविले तेथेच तो काळा झगा घालून उभा राहत असे. त्याच्या रझाकारांनी गावे लुटली, जाळली, माणसे मारली, स्त्रियांची विटंबना केली. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातील गोरट्यास जे हत्याकांड झाले त्याची आठवण त्या भागात अजून जिवंत आहे. हजारो कुटुंबे बार्शी-सोलापूरकडे आणि वऱ्हाडात पळाली. उमरखेड, वाशीम, बार्शीकडील हद्दीवर तरुणांची शिबिरे पडली. निलंग्याकडे रामलिंग मुदगड आणि उदगिराकडे हत्तीबेट या ठिकाणी गावकऱ्यांनी हत्यार धरले. ३० जानेवारी १९४८ रोजी, ज्या दिवशी दिल्लीत महात्माजींचा खून झाला त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक लुटून वीस लाखांहून अधिक रुपये लढ्याच्या कामी नेण्यात आले. आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर 'इमरोज' पत्राचे तरुण संपादक शोएबुल्लाखान यांना, भारतात सामील व्हावे असे लिहिल्याबद्दल, रझाकारांनी ठार केले. वृत्तपत्राच्या धंद्यात असलेल्या प्रत्येकाने हे नाव तोंडपाठ केले पाहिजे. मराठवाड्यातील किती चौकांना ते दिलेले आहे, हे वाचकांनी आपापल्या गावी जाऊन पाहावे.

१३ सप्टेंबरास भारतीय फौजा नळदुर्गाच्या बाजूने व इतर दिशांनी शिरल्या. निजामाचे वकील पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे फिर्याद मांडीत असताना इकडे लढाई संपत आली होती. १७ तारखेस निजामाने शरणागती दिली. येथपर्यंतचे सर्व भाषणांतून येते. येथून पुढचे येत नाही.

पुढे काय झाले? पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री या तिघांस भारत सरकारने १९४८ च्या अखेरीस हैदराबादेत पाठविले. त्यांनी लिहून दिले की, पोलीस कारवाईच्या वेळी व नंतर राज्यात अगदी कमी धरले तरी २७ ते ४० हजार माणसे मेली, आणि त्यांत बहुतेक मुसलमान होते. सर्वाधिक फटका बसलेले जिल्हे त्यांनी चार सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. वाचकहो, हे जिल्हे परके नव्हेत. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होते, निलंगा बिदरात होता. ज्यांनी रझाकारी केली ते पुष्कळसे आधीच पळाले होते. मारले गेले ते बहुशः मोमीन, बागवान, कारकून, शेतमजूर. त्याच अहवालात असेही आहे की, कित्येक ठिकाणी हिंदूंनी आपला जीव धोक्यात घालून शेजाऱ्यांस वाचविले, आणि हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या पाठीशी उभे राहिले. हा अहवाल साठ वर्षांहून अधिक काळ कुलुपात होता. २०१३ च्या सुमारास तो लोकांस पाहावयास मिळाला. आकड्यांविषयी वाद घालणारे आहेत, त्यांनी जरूर घालावा. पण वाद घालण्यासाठी तरी तो वाचला पाहिजे.

येथे आमचे कित्येक मित्र म्हणतील की, या जखमा उकरून काय साधणार? ज्यांनी रझाकारांचे अत्याचार सोसले त्यांचा क्षोभ स्वाभाविक नव्हता काय? स्वाभाविक होता, हे आम्ही मान्य करितो. मॅसॅच्युसेट्समधील देशभक्तांनीही राजनिष्ठ शेजाऱ्यांस डांबर फासून त्यावर पिसे चिकटविली होती. १७७८ साली तर कायदा करून सुमारे तीनशे माणसांस नावानिशी हद्दपार केले. सर्व वसाहतींतून मिळून सुमारे साठ हजार राजनिष्ठ लोक देशोधडीस लागले. पण आज त्या संस्थानात हा भाग झाकून ठेवीत नाहीत. हद्दपारांच्या याद्या छापलेल्या आहेत, त्यांची पत्रे ग्रंथालयात आहेत, त्यांवर ग्रंथ लिहिले गेले आहेत, आणि एवढ्याने लेक्झिंग्टनच्या शेतकऱ्यांची कीर्ती तिळमात्र कमी झालेली नाही. रझाकारांनी केलेला खून हा खून, आणि त्यानंतर शेजाऱ्याने शेजाऱ्याचा केलेला खून मात्र इतिहास नव्हे, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

दुसरी न बोलली जाणारी गोष्ट अस्पृश्यांची. फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि डॉ. आंबेडकर तेथे आले. निजामी राज्यातील अस्पृश्यांपुढचा पेच साधा नव्हता. एकीकडे दरबार व इत्तेहाद त्यांना आमिषे दाखवीत. दुसरीकडे स्वातंत्र्याच्या सभेत त्यांना अंगणातच बसावे लागे. बी. श्यामसुंदर यांच्यासारखे पुढारी निजामाच्या शिष्टमंडळातून संयुक्त राष्ट्रांकडे गेले. नोव्हेंबर १९४७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी निक्षून सांगितले की, अस्पृश्यांनी निजामाची बाजू घेऊ नये. ते सांगताना, सामील झाल्यावर गावातील विहीर खुली होईल अशी हमी त्यांना कोणी दिलेली नव्हती. ती पुढे मिळाली काय? १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठास त्यांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला, आणि त्याच मुलखात दलितांच्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्या आगीत मारले गेले. नाव मिळावयास १४ जानेवारी १९९४ उजाडले. सोळा वर्षे! निजामास हटविण्यास पाच दिवस पुरले होते.

मॅसॅच्युसेट्समध्ये काय झाले ते पहा. १७८० च्या तेथील घटनेत, सर्व मनुष्ये जन्मतः स्वतंत्र व समान आहेत, अशा अर्थाचे कलम होते. ते लिहिले गेले तेव्हा त्या संस्थानात गुलाम राबत होते. १७८१ साली एलिझाबेथ फ्रीमन नावाची एक गुलाम स्त्री त्याच कलमावर बोट ठेवून कोर्टात गेली आणि स्वतंत्र होऊन बाहेर आली. १७८३ साली क्वॉक वॉकरच्या खटल्यात तेथील न्यायाधीशांनी गुलामगिरी घटनेशी विसंगत ठरविली. दक्षिणेकडील संस्थानांस त्यासाठी यादवी युद्धापर्यंत थांबावे लागले. म्हणजे तेथेही स्वातंत्र्य आपोआप खालपर्यंत झिरपले नाही; खालच्यांनी ते कायद्याच्या जोरावर ओढून घेतले. जमिनीचेही तसेच. १७८६ साली कर्जाने गांजलेले शेतकरी, कालचेच सैनिक, पश्चिम मॅसॅच्युसेट्समधील कोर्टांची दारे अडवून बसले. आमच्याकडे १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या, १९५० साली कुळकायदा आला. पण कोणत्या गावात किती कुळांच्या नावावर जमीन चढली आणि किती कुळे कायदा येण्याच्या आदल्या हंगामातच हुसकली गेली, याचा गाववार हिशेब कोणी मांडला आहे?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मॅसॅच्युसेट्समध्ये युद्ध संपून आठ वर्षे होतात तोच, १७९१ साली, इतिहास-मंडळ स्थापन झाले. १८३२ साली अमेरिकन काँग्रेसने वृद्ध सैनिकांस पेन्शन देण्याचा कायदा केला. ज्यांच्यापाशी कागद नव्हता त्यांनी जिल्ह्याच्या कोर्टात उभे राहून आपली हकीकत शपथेवर सांगावी, असे ठरले. सत्तर-ऐंशी वर्षांचे निरक्षर म्हातारे आले आणि बोलले: कोणत्या कॅप्टनाच्या हाताखाली होतो, कोणत्या नदीवर थंडीने बोटे गेली, परत आल्यावर घरी काय पाहिले. त्या युद्धाच्या पेन्शनीची व जमीन-बक्षिसीची मिळून सुमारे ऐंशी हजार प्रकरणे आज वॉशिंग्टनच्या दप्तरखान्यात आहेत. आणि १८९६ ते १९०८ या काळात मॅसॅच्युसेट्स सरकारने स्वतःच्या खर्चाने सतरा खंड छापले, त्यांत आपल्या प्रत्येक सैनिकाचे व खलाशाचे नाव अकारविल्हे दिले. सतरा खंड, आणि त्यांत बहुतेक नावे साध्या शेतकऱ्यांची!

आमच्याकडेही पेन्शन आहे. १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांस निवृत्तिवेतन सुरू केले. हैदराबादच्या लढ्यातील सैनिकांनी अर्ज केले, प्रतिज्ञापत्रे दिली, सहकाऱ्यांच्या साक्षी जोडल्या. म्हणजे जे अमेरिकेत १८३२ साली झाले ते येथेही झाले आहे. फरक इतकाच की, तेथील हकीकती इतिहासकारांच्या हाती गेल्या आणि आमच्या हकीकती कचेरीच्या कपाटात वाळवीच्या हाती. त्यांत खोट्या हकीकती पुष्कळ आहेत, असे कोणी म्हणेल. आणि बीड जिल्ह्यातील बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले हे आम्हांस ठाऊक आहे. पण खोटे नाणे चालते ते खऱ्या नाण्याची किंमत असते म्हणून. खरे कोण आणि खोटे कोण हे पारखावयाचे तरी कागद उघडला पाहिजे.

आणि आमची दप्तरे उघडता येत नाहीत असेही नाही. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा निजामकालीन उर्दू व मोडी कागद मराठवाडाभर धुंडाळण्यात आले, हैदराबादेसही माणसे गेली. २०२५ च्या सप्टेंबरात तर 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द खेड्यापाड्यांतील चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागला. आरक्षणाच्या वादात आज आम्हांस पडावयाचे नाही. पण जातीचा दाखला हवा म्हणून जे कागद दोन वर्षांत सापडले ते इतिहास हवा म्हणून पाऊणशे वर्षांत का सापडले नाहीत, हा प्रश्न आम्ही विचारल्यावाचून राहणार नाही.

अनंत भालेरावांनी 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' लिहिला, स्वामीजींनी आपल्या आठवणी लिहिल्या, नरहर कुरुंदकरांनी या विषयावर परखडपणे लिहिले. त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु हे लेखन लढ्याच्या नायकांचे व विचारांचे. त्याखाली गावाची पायाभरणी अद्याप व्हावयाची आहे. ज्या साक्षीदारांनी १९४८ साल दहाव्या वर्षी पाहिले त्यांची आज नव्वदी जवळ आली आहे. त्यांना विचारावयास समिती नको, निधी नको. नांदेडास १९९४ साली, त्याच सतरा सप्टेंबरास, स्वामीजींच्या नावाने विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या कक्षेतील महाविद्यालयांनी इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास एक गाव नेमून द्यावे आणि त्या गावची टिपणे ही त्याची परीक्षा धरावी. उर्दू लिपी व मोडी यांचा सहा महिन्यांचा वर्ग चालवावा. प्रौढ मनुष्यासही त्याहून अधिक वेळ लागत नाही. तहसील कचेरीतील पेन्शनीचे अर्ज पाहावयास मिळावे म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज करावा, त्यास दहा रुपये लागतात.

शिरूर अनंतपाळने आरंभ केल्यास आम्हांस विशेष संतोष होईल, कारण या तालुक्यास जुने मोठे नाव नाही आणि म्हणून सांभाळावयाची खोटी प्रतिष्ठाही नाही. येत्या ग्रामसभेत एक कोरी वही टेबलावर ठेवावी. तिच्यात चार गोष्टी लिहावयाच्या: त्या तेरा महिन्यांत गावातून कोण गेले, कोण परत आले नाही, सप्टेंबरानंतर कोणाची घरे रिकामी झाली आणि ती आज कोणाच्या नावावर आहेत, आणि त्या वर्षी गावच्या विहिरीवर पाणी भरण्याचा अधिकार कोणास होता. पहिल्या दोन सदरांस नावे सांगणारे पुष्कळ मिळतील. तिसरे व चौथे सदर भरावयाच्या वेळी सभागृहात बसलेली वृद्ध मंडळी एकमेकांकडे पाहू लागतील, तेव्हा वही मिटू नये. लिहिणाऱ्याने लेखणी हातात धरून तशीच वाट पाहावी.